डिस्क ‘तयार’ झाली हे लिनक्स कसं ठरवतं? या चुका टाळा

मशीन सुरू होताना एका डिस्कच्या नावाची ओळ स्क्रीनवर अडकून बसते. शेजारी सेकंद मोजले जातात, १ मिनिट ३० सेकंद भरतात आणि इमर्जन्सी मोड उघडतो. डिस्क गेली असं समजून लगेच नवी मागवायचा विचार सुरू होतो. पण बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते. सिस्टमडी (लिनक्स सुरू होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) ज्या गोष्टीची वाट पाहत होतं ती घडलेलीच नसते, आणि ती नेमकी कोणती हे आपण तपासलेलं नसतं.

‘तयार’ ही एकच अवस्था नाही, तिचे टप्पे आहेत. आधी हार्डवेअर तयार व्हायला हवं. फिरती स्कझी डिस्क वेग घेत असताना ‘अजून तयार होतेय’ असं उत्तर देते, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) तिच्यासाठी १०० सेकंदांपर्यंत थांबतं. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार) कंट्रोलर स्वतःच्या रजिस्टरमधला एक बिट चालू करून तयारी कळवतो, आणि त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हेही ५०० मिलिसेकंदांच्या पटीत आधीच सांगून ठेवतो. यूएसबी स्टोरेज जोडल्यावर कर्नल मुद्दाम थोडं थांबून मगच ते तपासतं. एवढं झालं की ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे कर्नलच्या लेखी डिस्क, तयार होतं. मग युडेव्ह (नव्या डिव्हाइसची नोंद ठेवणारा प्रोग्राम) आत डोकावून फाइल सिस्टिम कोणती, यूयूआयडी (तिचा एकमेव ओळखक्रमांक) काय हे वाचतं आणि त्या नावाच्या लिंक बनवतं. शेवटी सिस्टमडी त्या डिव्हाइसचं युनिट (सिस्टमडीतली त्याची नोंद) सक्रिय करतं, आणि माउंटची, म्हणजे डिस्क एखाद्या डिरेक्टरीला जोडण्याची, पाळी त्यानंतर येते.

म्हणून काहीही बदलण्याआधी गाडी कुठल्या टप्प्यावर अडली ते बघा. ‘एलएसबीएलके -एफ’ या आज्ञेच्या यादीत डिस्क दिसतच नसेल तर दोष खालच्या थरात आहे: केबल, वीज, ड्रायव्हर. तेव्हा ‘डीमेसेज’ आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचा. डिस्क दिसते पण यूयूआयडी दिसत नाही, तर फाइल सिस्टिम ओळखली गेलेली नाही. दोन्ही दिसतात आणि तरी सिस्टमडी थांबलंय, तर ‘युडेव्हॲडम इन्फो’च्या उत्तरात ‘सिस्टमडी_रेडी’ची किंमत शून्य आहे का ते पाहा. असेल तर युडेव्हच्या नियमानेच डिव्हाइस अडवून धरलंय.

ठरावीक सेकंद झोपणं

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप १०’ टाकलं आणि काम झालं, म्हणून ते कायमचं तिथेच राहतं. मग डिस्क वाढतात, एखादी वेग घ्यायला उशीर करते आणि दहाचे वीस करावे लागतात. यातून सुटायला काहीजण ‘युडेव्हॲडम सेटल’कडे वळतात, पण तेही फसवं आहे. सेटल फक्त युडेव्हच्या रांगेतल्या घटना संपेपर्यंत थांबतं. कर्नलला डिस्क अजून सापडलीच नसेल तर तिच्याबद्दलची घटना रांगेत येणार कुठून? रांग रिकामी दिसते, सेटल लगेच परततं आणि पुढची आज्ञा तोंडघशी पडते. हार्डवेअरचा शोध आपापल्या गतीने, मागेपुढे चालतो, त्यामुळे ‘आता सगळं सापडलं’ असा क्षण कर्नलला सांगताच येत नाही. नाव घेऊन वाट पाहा: २०२२ मध्ये सिस्टमडी २५१ सोबत आलेली ‘युडेव्हॲडम वेट’ ही आज्ञा दिलेलं डिव्हाइस किंवा लिंक खरोखर तयार होईपर्यंत थांबते. काम सर्व्हिसचं असेल तर ती थेट त्या डिव्हाइसच्या युनिटला बांधा.

एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेली फाइल) एसडीए, एसडीबी अशी डिस्कची नावं लिहू नका. जी डिस्क आधी सापडेल तिला आधीचं अक्षर मिळतं, आणि हा क्रम प्रत्येक बूटला तोच राहील अशी हमी नाही. यूयूआयडी किंवा लेबल वापरा.

‘नोफेल’ लिहून निश्चिंत होणं

डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून एफएसटॅबमध्ये ‘नोफेल’ हा पर्याय लिहिणं योग्यच आहे. पण त्याचा दुसरा परिणाम फार कमी लोकांच्या लक्षात येतो: लोकल-एफएस टार्गेट (‘सगळ्या स्थानिक डिस्क माउंट झाल्या’ हा सिस्टमडीचा टप्पा) त्या माउंटसाठी थांबतच नाही. म्हणजे डिस्क जागेवर असली, फक्त चार सेकंद उशिरा आली, तरी डेटाबेस किंवा बॅकअपची सर्व्हिस तिच्या आधी सुरू होऊ शकते. समोर रिकामी डिरेक्टरी असते आणि सर्व्हिस तिच्यातच लिहू लागते, म्हणजे रूट डिस्कवर, जिच्यावर सिस्टिम चालते. नंतर खरी डिस्क त्यावर माउंट होते आणि लिहिलेलं सगळं तिच्याखाली झाकलं जातं. कुठेही एरर नाही, डेटा मात्र ‘गायब’! सर्व्हिसच्या युनिटमध्ये ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर’ लिहून तो पाथ द्या. शिवाय माउंट न झालेल्या अवस्थेत त्या रिकाम्या डिरेक्टरीला ‘सीएचॲटर’ आज्ञेने अपरिवर्तनीय करून ठेवा, म्हणजे चुकून लिहिणारी प्रक्रिया तिथेच एरर देईल. डेटा चुपचाप चुकीच्या जागी जाण्यापेक्षा ती एरर कधीही बरी.

अनेक डिस्कचा एकच नियम समजणं

रेडमधली (अनेक डिस्क जोडून बनवलेल्या संचातली) एक डिस्क गेली तरी मशीन सुरू होईल, हा भरवसा बूटच्या वेळी लागू पडतोच असं नाही. एमडी रेडमध्ये (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) युडेव्ह प्रत्येक डिस्क येईल तशी ॲरेत, म्हणजे संचात, जोडत जातं. एखादी आलीच नाही तर ३० सेकंदांचा टायमर संपल्यावर, शक्य असल्यास, ॲरे अपुऱ्या डिस्कवर सुरू केली जाते. अनेक डिस्कवर पसरू शकणाऱ्या बीटीआरएफएस फाइल सिस्टिमला असा टायमर नाही. त्याचा नियम सगळ्या डिस्क दिसेपर्यंत ‘सिस्टमडी_रेडी’ शून्यावर ठेवतो. त्यामुळे एफएसटॅबमध्ये ‘डिग्रेडेड’ (अपुऱ्या डिस्कवरही माउंट कर) लिहूनही उपयोग होत नाही, कारण माउंटची आज्ञा चालवण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही. टाइमआउट वाढवणंही फुकट, न येणाऱ्या डिस्कसाठी फक्त जास्त वेळ थांबाल. रेस्क्यू मीडियावरून बूट करा, ‘डिग्रेडेड’ देऊन हाताने माउंट करा आणि डिस्क बदला. आणि ही कसरत संकट येण्याआधी एकदा करून पाहा, ही माझी आग्रहाची विनंती.

डिस्क बदलून एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी लिहिला, माउंट केलं, आज्ञा यशस्वी झाली, पण डिरेक्टरी रिकामीच? सिस्टमडीच्या लेखी तो माउंट अजून जुन्या, नसलेल्या डिव्हाइसला बांधलेला आहे, म्हणून ते लगेच अनमाउंट करतं. एफएसटॅब बदलल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ चालवा.

आयस्कझी डिस्क, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली डिस्क, सिस्टमडीला साध्या डिस्कसारखीच दिसते. तिला नेटवर्क लागतं हे एफएसटॅबमध्ये ‘_नेटडेव्ह’ लिहून तुम्हीच सांगायचं असतं.

इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची तात्पुरती फाइल सिस्टिम) न वापरणाऱ्या लहान बोर्डवर कर्नलच्या ‘रूटडिले’ पर्यायात सेकंदांचा अंदाज करण्यापेक्षा ‘रूटवेट’ बरं, कारण ते रूट डिव्हाइस प्रकट होईपर्यंत थांबतं. मात्र तिथे फाइल सिस्टिमचा यूयूआयडी देऊ नका. तो वाचणारं युडेव्ह त्या क्षणी सुरूच झालेलं नसतं आणि एकट्या कर्नलला तो ओळखता येत नाही. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) द्या, तो कर्नल स्वतः पार्टिशन टेबलमधून वाचतं.