फेरेटच्या पिल्लांसोबत काम करायला येताय? चावण्याबद्दल आधी हे वाचा

मी इंग्लंडमध्ये ॲनिमल केअरचा कोर्स करतेय आणि वर्षभर शनिवार-रविवार एका फेरेट रेस्क्यूमध्ये, म्हणजे सोडून दिलेल्या फेरेटच्या आश्रयस्थानात, जाते. आपल्याकडून येणाऱ्या मुलामुलींनी कुत्री-मांजरं हाताळलेली असतात पण फेरेट बघितलेलंसुद्धा नसतं, म्हणून लिहितेय. दिसायला थोडं मुंगसासारखं, पण मुंगसाशी जवळचं नातं नाही, पोलकॅट नावाचा युरोपातला एक जंगली प्राणी माणसाळवून झालेला प्राणी आहे हा.

पहिलं म्हणजे पिल्लू चावतं ते रागाने नाही. फेरेटच्या मानेची कातडी चांगली जाड असते, भावंडं एकमेकांना मानेला धरून फरफटवतात आणि कुणाला काही होत नाही, आपला हात तसा नाही हे त्याला कळणार कुठून? मला पहिल्याच दिवशी अंगठ्याखाली चावलं आणि मी हात झटक्यात मागे घेतला. तिथेच चुकलं. दात रुतलेले असताना ओढलं की कातडी फाटते, वर पिल्लाला वाटतं खेळ सुरू झाला. आता मी हात ढिला सोडते, एकदाच ठाम आवाजात 'नो' म्हणते आणि त्याला रिकाम्या कॅरियरमध्ये (प्राणी न्यायच्या पेटीत) दोन-तीन मिनिटं ठेवते. खाली उतरायचंय म्हणून चावलं आणि तुम्ही लगेच खाली सोडलं तर ते हेच शिकणार की चावलं की सुटका होते. मारायचं तर अजिबात नाही, मार खाल्लेलं पिल्लू घाबरून चावतं आणि तो चावा खोल जातो. खेळवायला बोटं नाही, दोरीला बांधलेलं फडकं वापरा.

नवीन पिल्लू आलं की आम्ही दोन आठवडे वेगळं ठेवतो, कारण डिस्टेंपर हा एकाचा दुसऱ्याला लागणारा विषाणूचा आजार झालेलं फेरेट जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या दिवसांत नवीन पिल्लू आणि आधीचं फेरेट या दोघांची अंथरुणं अदलाबदल करायची म्हणजे वासाची ओळख होते. मग भेट अशा जागी जिथे दोघांपैकी कुणीच राहत नाही. शेपटी ब्रशसारखी फुलते, फिसकारतात, एक दुसऱ्याला ओढत नेतो, आणि नवीन माणूस घाबरून लगेच सोडवायला जातो. जाऊ नका. तिरक्या उड्या आणि डुक-डुक असा आवाज म्हणजे मस्ती चाललीये. एखादं सतत किंचाळतंय, भीतीने शी करतंय किंवा रक्त दिसलं तर मात्र ताबडतोब वेगळं करा. नसबंदी न केलेला मोठा नर पिल्लांबरोबर ठेवूच नका.

आमच्याकडे डोक्यावर पांढरा पट्टा असलेली एक छोटी मादी आली, सगळ्यांना फारच जोरात चावायची. असा पट्टा असलेली बरीच फेरेट बहिरी असतात, हीपण होती. समोरचा कळवळून ओरडला तरी तिला ऐकूच यायचं नाही, मग थांबणार कशी, आणि माझ्या 'नो'चा तरी काय उपयोग! तिला उचलायच्या आधी मी जमिनीवर थाप मारायला लागले, ती थरथर जाणवली की वळून बघायची, दचकून चावणं तिथेच कमी झालं. बाकीचं एका नसबंदी झालेल्या शांत नराने शिकवलं. ती जोरात चावली की तो तिला मानेला धरून जमिनीवर दाबायचा आणि अंग ढिलं सोडेपर्यंत धरून ठेवायचा. मी शेजारी बसून नुसती बघायचे, मध्ये हात घातला नाही.

परवा मनगटावर सामन ऑइलचा (माशाच्या तेलाचा) थेंब लावून तिला दिला. तिने चाटला, मग कातडी दातांत धरली, क्षणभर थांबली, आणि सोडून परत चाटायला लागली.