फ्रेमवर्कमध्ये छोटं फीचर सुचवायचं कसं, तपासायचं कसं

पुस्तकांच्या यादीचं एक पान आहे. वाचकाने ‘इतिहास’ हा विषय निवडला, क्रम नवीन ते जुनं असा लावला आणि खाली ‘पुढचं पान’ दाबलं. दुसरं पान उघडलं, पण विषयही गेला आणि क्रमही, कारण त्या लिंकमध्ये फक्त पानाचा क्रमांक लिहिला होता.

जँगो, म्हणजे पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क (तयार सांगाडा), वापरणाऱ्या बहुतेकांना हे दुखणं ठाऊक असतं. पत्त्यातले बाकीचे पॅरामीटर (प्रश्नचिन्हानंतरची ‘विषय=इतिहास’सारखी माहिती) जपून हवा तेवढाच बदलणारा ‘क्वेरीस्ट्रिंग’ टॅग, म्हणजे पानाच्या साच्यात लिहायची छोटी आज्ञा, ऑगस्ट २०२४ मध्ये, ५.१ आवृत्तीत आला. छोट्या फीचरचा हा चांगला नमुना आहे, म्हणून पुढे तोच धरून चालू.

पहिली पायरी: कोडला हात लावू नका. आधी वरच्यासारखी अडचण चार-पाच ओळींत लिहा. ‘असा टॅग हवा’ हे झालं उत्तर. मेंटेनरला, म्हणजे फ्रेमवर्क सांभाळणाऱ्याला, आधी प्रश्न कळायला हवा. मग जुनी तिकिटं (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी आणि सूचना) चाळा, बंद झालेलीसुद्धा. तुमची कल्पना पूर्वी कोणी मांडली असेल, तर ती का नाकारली हे तिथेच सापडतं, आणि तुमच्या प्रस्तावात त्याला उत्तर असायला हवं.

दुसरी: ‘हे वेगळ्या पॅकेजमध्ये का नको?’ हा प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. ‘मला लागतं’ एवढ्याने भागत नाही. वेगवेगळे लोक तेच तेच स्वतः लिहून घेतात आणि त्याच चुका करतात, हे दाखवता आलं तर बाजू भक्कम होते. मेंटेनरची कुरकुर उगाच नसते. जँगोत एखादी गोष्ट काढायची तर आधी ती कालबाह्य ठरवून निदान दोन मोठ्या आवृत्त्या इशारे द्यावे लागतात, आणि मोठी आवृत्ती साधारण आठ महिन्यांनी येते. वीस ओळी आत घेणं सोपं, बाहेर काढायला वर्षाहून जास्त!

होकार मिळाला की मगच पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुमचा बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती. तिच्यात कोड, टेस्ट, डॉक्युमेंटेशन आणि रिलीज नोट्समधली एक ओळ, सगळं एकदम द्या. जाता जाता दिसलेली इतर साफसफाई मात्र करू नका. ती वेगळी पाठवा.

आता तपासणारा. हे काम फक्त दिग्गजांचं, असा गैरसमज आहे. जँगोत ‘चेक-इनसाठी तयार’ (मूळ कोडमध्ये घ्यायला तयार) हा शेरा पॅच, म्हणजे तो बदल, लिहिणारा सोडून कोणीही मारू शकतो.

कोड वाचण्याआधी डॉक्युमेंटेशन वाचा. फीचर तिथे समजलं नाही, तर दोष बहुधा रचनेत असतो. मग टेस्ट चालवा आणि लगेच मूळ कोडमधला बदल मागे घेऊन पुन्हा चालवा. टेस्ट तरीही पास होत असेल, तर ती काहीच तपासत नाही. ही दोन मिनिटांची युक्ती मला सगळ्यात उपयोगी वाटते.

यानंतर कडेच्या गोष्टी पाहा: रिकामी यादी, एकच पॅरामीटर दोनदा, शून्य. क्वेरीस्ट्रिंग टॅगमध्ये गंमत इथेच होती. शेवटचा पॅरामीटर काढला की उरायची रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. दिसायला बरोबर. पण लिंकचा पत्ता रिकामा असला, की ब्राउझर सध्याचाच पत्ता धरतो, जुन्या पॅरामीटरसकट. म्हणजे ‘फिल्टर काढा’ दाबलं तरी फिल्टर जागच्या जागी! ६.० पासून हा टॅग सुरुवातीला नेहमी प्रश्नचिन्ह लावतो, त्यामुळे रिकाम्या पॅरामीटरचा पत्ता खरोखरच रिकाम्या पॅरामीटरचा होतो. फक्त टॅगने परत केलेली स्ट्रिंग पाहिली असती, तर हे दिसलंच नसतं. लिंक दाबून पाहावी लागते.

शेरे लिहिताना ‘हे नीट नाही’ म्हणू नका. कोणतं इनपुट दिलं, काय आलं आणि काय यायला हवं होतं, ते लिहा. नावाबद्दलचा आक्षेप सुरुवातीलाच काढा. टेस्ट, डॉक्युमेंटेशन सगळं झाल्यावर नाव बदलायला लावणं हा छळ आहे. आणि जे केवळ तुमच्या आवडीचं आहे, ते तसं स्पष्ट सांगा, म्हणजे लिहिणाऱ्याला ते सोडून देता येतं.

विलीन झालं तरी फीचर लगेच हातात येत नाही. मधल्या दुरुस्ती-आवृत्त्यांत नवी फीचर घालत नाहीत, त्यामुळे पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत तुमच्या प्रोजेक्टमधला हाताने लिहिलेला टॅग राहू द्या.