फ्लेमेंको गिटार ऑनलाइन शिकताय? या चुका टाळा

फ्लेमेंको हे स्पेनचं संगीत शिकायला घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात हमखास एकच गोष्ट शोधतो: रासगेआदो. बोटं पंख्यासारखी उघडत तारांवर सोडलेली ती झड. मीही तेच केलं. दोन-तीन महिने व्हिडिओ बघून झड घोटली. मग पहिल्या ऑनलाइन तासाला शिक्षकांनी मध्येच थांबवून विचारलं, आत्ता कितव्या मात्रेवर आहेस? मला सांगता येईना.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कोम्पास मागे ठेवून बोटांच्या मागे लागणं. कोम्पास म्हणजे फ्लेमेंकोचं तालचक्र. सोलेआ आणि बुलेरियास या प्रकारांत ते बारा मात्रांचं असतं. बारा म्हटलं की आपल्याला एकताल आठवतो आणि तिथेच पाय घसरतो. एकतालाचे दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. सोलेआत जोर येतो 3, 6, 8, 10 आणि 12 वर. बारापासून मोजलंत तर तीन, तीन, दोन, दोन, दोन अशी विभागणी दिसेल. त्यातही वाक्य संपतं दहाव्या मात्रेवर. समेवर येऊन विसावायची सवय असलेल्या कानाला हे अर्धवट सोडल्यासारखं वाटतं, आणि मग आपण नकळत पुढच्या दोन मात्रा गिळून टाकतो. स्पेनमध्ये मोजतानाही दहानंतर अकरा-बारा न म्हणता पुन्हा ‘उन, दोस’ म्हणतात. तसंच म्हणायला लागा, गोंधळ बराच कमी होतो.

गिटार बाजूला ठेवून आधी टाळ्या वाजवा. याला पाल्मास म्हणतात आणि दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात ती एक स्वतंत्र कला मानली जाते. नुसता टकटक करणारा मेट्रोनोम इथे पुरत नाही, कारण त्याला सगळ्या मात्रा सारख्याच. बारा मात्रांचे आघात दाखवणारी ॲप्स मिळतात, ती वापरा. बारा जमेनात तर चार मात्रांच्या तांगोस या प्रकारापासून सुरुवात करा. त्यात कमीपणा नाही.

ऑनलाइन शिकण्याची खरी अडचण इथेच येते. शिक्षकांनी तिकडे टाळी द्यायची आणि तुम्ही इकडे वाजवायचं, हे व्हिडिओ कॉलवर होत नाही. आवाज पोचायला लागणारा वेळ ताल मोडतो, आणि नवख्याला वाटतं आपणच बेताल आहोत. त्यापेक्षा शिक्षकांकडून पाल्मास रेकॉर्ड करून मागवा, त्यावर वाजवा आणि तुमचं रेकॉर्डिंग त्यांना पाठवा. झूमवर तास असेल तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. नाहीतर तुमचा ठोका गोंगाट समजून गाळला जाण्याची शक्यता असते. कॅमेऱ्यात चेहरा नाही दिसला तरी चालेल, उजवा हात मात्र दिसायलाच हवा.

आता रासगेआदो. झड खरखरीत येत असेल तर बहुतेक वेळा बोटांऐवजी मनगट फिरतंय. करंगळी, अनामिका, मध्यमा, तर्जनी अशी एकेक वेगळी बाहेर फेकायची असते. दिवसभर आपण मुठी आवळतो. बोटं उघडणारे स्नायू तसे दुबळेच राहतात. डावा हात तारांवर हलका ठेवून त्यांचा सूर बंद करा आणि नुसते चार ठोके ऐका. पहिले दोन मऊ आणि तर्जनीचा मोठा, असंच ऐकू येईल. वेग न वाढवता तेवढंच दुरुस्त करा. कोपराखाली ताण जाणवला तर त्या दिवशी थांबा, रेटू नका.

सायप्रस झाडाच्या लाकडाची फ्लेमेंको गिटार लगेच घ्यायची गरज नाही. नायलॉन तारांची साधी क्लासिकल चालते. स्टीलच्या तारांवर मात्र हे करू नका, नखांची वाट लागते. क्लासिकलवर गोल्पे, म्हणजे अनामिकेने लाकडावर मारायचा ठोका, मारण्याआधी तिथे पातळ प्लास्टिकची गोल्पेआदोर चिकटवा. माझ्या गिटारचं पॉलिश चक्क टवके निघून गेलं.

शेवटची चूक किरकोळ, पण फार जणांची होते. व्हिडिओबरोबर वाजवताना सूर जुळत नाही आणि आपण खुंट्या पिळत बसतो. फ्लेमेंकोत सेहीया, म्हणजे आपला कॅपो, सगळ्या तारा दाबून सूर वर नेणारा चिमटा, सर्रास लावतात. गायकाच्या पट्टीप्रमाणे ती पुढे-मागे सरकते. शिक्षक ‘पोर मेदिओ’ म्हणतात तेव्हा ते ए कॉर्डच्या आकाराबद्दल बोलत असतात, प्रत्यक्ष सूर कॅपोवर ठरतो. मी एकदा पहिली तार जुळवता जुळवता इतकी ताणली की ती तुटली. मग व्हिडिओ थांबवून नीट पाहिलं, तर तिसऱ्या फ्रेटवर सेहीया बसलेली.