दत्तक आणलेल्या कुत्र्याच्या खाण्यात या चुका टाळा

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून आणलेलं कुत्रं घरात आलं की पहिल्याच दिवशी जो तो त्याला काहीतरी भरवतो. आजी दूध-पोळी देते, मुलं बिस्किटं देतात आणि संध्याकाळी कुणीतरी महागड्या डॉग फूडची पिशवी घेऊन येतं. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू होतात. मग ‘हे फूड त्याला मानवत नाही’ म्हणून दुसरी पिशवी येते आणि पोट आणखी बिघडतं. आमच्या चिंगीच्या वेळी आम्ही नेमकं हेच केलं. दीड वर्षाची गावठी कुत्री, आणि आठवड्यात तीन प्रकारचं खाणं! डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आधी काय खायची ही?” आम्ही एकमेकांकडे बघत बसलो.

हा प्रश्न आणण्याआधीच विचारायचा. निवाऱ्यात, किंवा गल्लीत जे कुणी रोज खाऊ घालत होतं त्यांना. काय खायचं, किती, आणि किती वाजता. उत्तर ‘भात आणि कोंबडीचं पाणी’ असलं तरी पहिले दोन-चार दिवस तेच द्या. आतडी आणि त्यातले जिवाणू जुन्या खाण्याला सरावलेले असतात, त्यांना बदलायला वेळ लागतो. नंतर दोन-तीन दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, मग दोन-तीन दिवस निम्मं-निम्मं, मग एक भाग जुनं आणि तीन भाग नवं. साधारण 7 ते 10 दिवसांत पूर्ण नव्यावर या. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे जाऊन थांबा. पिशवी बदलू नका.

उलट तक्रारही असते: कुत्रं तोंडच लावत नाही. नव्या घराच्या धास्तीने पहिला दिवस उपाशी काढणारी मोठी कुत्री पुष्कळ असतात. वाडगं 15-20 मिनिटं ठेवा, खाल्लं नाही तर उचला. पाणी मात्र कायम समोर हवं. काळजीपोटी मटणाचे तुकडे हातात धरून मागे फिरलात, तर दोन दिवसांत ते तुम्हाला शिकवून ठेवेल. पण 24 तासांहून जास्त उपास आणि सोबत ताप किंवा मलूलपणा असेल, तर डॉक्टर गाठा. गोचीडतापाची सुरुवात अशीही होते. पिल्लाच्या बाबतीत एवढंही थांबू नका. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील तर तो पार्वो, म्हणजे पिल्लांच्या जीवावर बेतणारा विषाणूचा आजार, असू शकतो; तिथे दही-भाताचे प्रयोग करण्यात तास घालवायचे नाहीत.

दुधाबद्दल आजीशी वाद होणारच. वाढत्या वयात बहुतेक कुत्र्यांची दुधातली साखर पचवण्याची ताकद कमी होते, म्हणून ढाळ लागते. थोडं दही किंवा बिनमिठाचं ताक बऱ्याच जणांना चालतं. आईविना आलेल्या अगदी लहान पिल्लालाही गाईचं दूध पुरत नाही, कारण कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश त्यापेक्षा खूप जास्त असतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती वापरा.

घरचं की पिशवीतलं, या भांडणात मी पडत नाही. फक्त पोळी-दूध म्हणजे कुत्र्याचं जेवण नव्हे, आणि भात-चिकनही एकटं पुरत नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं, वर्षानुवर्षं तेच दिलं तर हाडं कमकुवत होतात. याच्या उलट चूक म्हणजे संतुलित पपी फूड चालू असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजणं. मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं जास्तीच्या कॅल्शियमनेही बिघडतात. शाकाहारी घरात कुत्रं वाढवता येतं, लांडग्यापेक्षा त्याला पिष्ट पदार्थ बरेच चांगले पचतात. मात्र प्रथिनांचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्या. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या एएएफसीओ या संस्थेच्या निकषांत पाण्याचा अंश वगळून पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला किमान 18 टक्के आणि वाढत्या पिल्लाला 22.5 टक्के प्रथिनं सांगितली आहेत. पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय का बघा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे फुकट नव्हे, ते पूरक खाणं, नुसतं त्यावर भागवायचं नाही.

हाडकुळं कुत्रं पाहून दुप्पट वाढू नका. खरोखर उपासमार झालेल्या जनावराला एकदम पोटभर घातलं तर रक्तातले क्षार ढासळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांना विचारून थोडं थोडं, चार-पाच वेळा द्या. पुढे फासळ्या चाचपत राहा: हाताला लागायला हव्यात, पण टोचायला नकोत. बिस्किटं-खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्श्यापुढे नको.

आता आपल्या स्वयंपाकघरातलं विष. कांदा-लसणाच्या वाटणातला रस्सा तांबड्या रक्तपेशी फोडतो, मांसाचे तुकडे धुऊन दिले तरी धोका उरतो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम तर नकोच. शिजलेल्या हाडांच्या कपच्या आतडं फाडतात.

चिंगीचं उत्तर शेवटी आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांकडे मिळालं. तेच तिला रोज खाऊ घालायचे: भात आणि कोंबडीचे पाय, रात्री आठला, दुकान बंद करताना. सकाळचं वाडगं ती का हुंगून सोडायची, तेही तेव्हाच कळलं.