कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर बसवायच्या आधीची तयारी

दिवाळीनंतर काट्यावर रांग लागली की कोणाला डोकं चालवायला वेळ नसतो भाऊ, म्हणून हे सगळं सप्टेंबरातच उरकून घ्या. पहिले गेटवर अर्धा दिवस बसा आणि गाडी खरंच कशी फिरते ते लिहून काढा, ऑफिसात सांगतात तसं नाही. गेटवर नोंद झाली की एकीकडे ग्रेडर ओल पाहते, दुसरीकडे ऑफिसात सातबारा-पासबुक तपासणं चालू असते, आणि दोन्ही झालं की वजन, गाडी खाली, रिकाम्या गाडीचं वजन, काटापट्टी, पेमेंट.

मग मोठा कागद आणि मूठभर तुरीचे दाणे घ्या. कार्ल अ‍ॅडम पेट्री या जर्मन गणितज्ञाच्या १९६२ च्या प्रबंधातून पुढे आलेली पद्धत आहे ही, 'पेट्री नेट' म्हणतात तिला: गोल म्हणजे गाडी कुठवर आली ते, चौकोन म्हणजे काम, आणि चौकोनात येणाऱ्या प्रत्येक गोलात दाणा असला तरच ते काम होते, झालं की ते दाणे उचलायचे आणि पुढच्या प्रत्येक गोलात एकेक ठेवायचा. आता ओल १२ टक्क्यांच्या वर गेली, गाडी परत, असं खेळून पाहा. ऑफिसातला दाणा तिथंच पडून राहते! मागच्या हंगामात आमच्याकडे हेच झालं, एक शेतकरी कापूस वाळवून तिसऱ्या दिवशी आला तर जुनी नोंद उघडीच, सिस्टीम नवी नोंद घेईना, बिचारा रात्रभर ट्रॉलीवर झोपला. म्हणून 'गाडी परत' या चौकोनाने दोन्हीकडचे दाणे उचलून नोंद बंद केलीच पायजे.

मग कामाच्या अशा आकृत्यांवर संशोधन करणारे संगणकशास्त्रज्ञ व्हॅन डर आल्स्ट यांच्या तीन कसोट्या लावा: कुठूनही शेवटापर्यंत पोचता येते का, शेवटी मागे दाणा उरते का, कधीच न चालणारा चौकोन आहे का.

दाण्याला टक्के दिसत नाहीत, तर अटी वेगळ्या लिहा, बरोबर १२ आली तर काय तेही. 'ग्रेडशिवाय पेमेंट कधीच नाही' आणि 'आत आलेल्या प्रत्येक गाडीचा निकाल लागलाच पायजे' हे दोन नियम संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस (TLA+) या नियम नेमके लिहायच्या भाषेत, गाडी कशी फिरते त्यासकट लिहून, दोन गाड्या, एक काटा एवढंच दिलं तरी तिच्यासोबतचं तपासणीचं सॉफ्टवेअर त्यातल्या सगळ्या शक्यता तपासते, आणि नियम मोडला तर कोणत्या वाटेनं मोडला तेही दाखवते.

शेवटी काटेवाल्या भाऊला बोलवा, दाणे त्याच्याच हातानं सरकवून घ्या, आणि गाडी काट्यावर असताना लाईट गेली तर तुम्ही काय करता ते विचारा, तो सांगेल त्याचाही चौकोन आखा.