जर्मनीत नवीन आहात? बँक खातं उघडताना या चुका टाळा

ऑक्टोबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. इथलं हिवाळी सत्र सुरू होतं, नवीन मुलं येतात आणि कुणाच्या तरी मावसभावाकडून माझा नंबर त्यांच्यापर्यंत पोचतो. "काका, खातं उघडून पंधरा दिवस झाले, कार्डच आलं नाही. बँकवाले ऐकतच नाहीत." मी बँकेबद्दल काही विचारत नाही. एकच प्रश्न करतो: "पत्रपेटीवर तुझं नाव आहे का?" पलीकडे शांतता.

तर आधी या पेटीचंच सांगतो, कारण निम्मे फोन तिच्यापायी येतात.

जर्मनीत पत्त्यावर बहुतेक वेळा फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड, शहर, संपलं. बिल्डिंगमध्ये वीस बिऱ्हाडं असली तरी पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. आडनाव दिसलं नाही तर पत्र परत. आणि बँकेचं सगळं पोस्टाने येतं: कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात, अ‍ॅप चालू करायचा कोड कधीकधी तिसऱ्यात. चोराच्या हाती सगळं एकदम लागू नये म्हणून हे मुद्दाम वेगवेगळं पाठवतात.

एका मुलाने विमानतळावरून घरी येताना ट्रेनमध्येच अ‍ॅपवर खातं उघडायला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी उघडूनही झालं. मला मेसेज: "काका, उगाच घाबरवत होता, चहा होईपर्यंत झालं." खोली पोटभाड्याची, पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव. पहिलं कार्ड परत गेलं. याने पत्ता न तपासता दुसरं मागवलं, तेही परत गेलं. दोनदा टपाल परत आल्यावर बँकेला पत्त्याचाच संशय आला आणि तिने खातं गोठवलं. तोवर पहिल्या महिन्याचे पैसे त्यात येऊन पडले होते, आणि एक तारखेला भाडं द्यायचं होतं. रविवारी मी त्याच्याकडे गेलो. तळमजल्यावर चौदा पत्र्याच्या पेट्या, प्रत्येकीवर छापील पट्टी. मी पांढरी चिकटपट्टी कापली, त्यावर मार्करने मोठ्या लॅटिन अक्षरांत त्याचं आडनाव लिहिलं आणि मूळ भाडेकरूच्या नावाखाली चिकटवलं. पाच मिनिटांचं काम. खातं सुटायला पुढे तीन आठवडे लागले, आणि भाडं त्याने मित्राकडून उसने घेऊन भरलं.

तेव्हापासून कुणाला स्टेशनवर आणायला जाताना खिशात मार्कर आणि चिकटपट्टी असते. आधी पेटीवर नाव, मग बॅगा वर. घरमालकाला विचारून लावा म्हणजे झालं. पोटभाडेकरू असाल तर बँकेला पत्ता देताना मूळ भाडेकरूचं नावही "द्वारा" म्हणून घाला. इथे त्यासाठी सी/ओ लिहितात. आणि हो, एकीने हौसेने सुबक देवनागरीत नाव लावलं होतं. दिसत होतं सुंदर. पोस्टमनने काय वाचायचं?

दुसरी माझी आवडती चूक नावाची, आणि ही खास आपली मराठी. आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर बऱ्याच जणांचं स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच 'गिव्हन नेम'च्या चौकटीत असतं. जर्मन कारकुनाच्या लेखी ते दोन्ही तुमचंच पहिलं नाव. त्याला तीर्थरूपांशी देणंघेणं नाही. आता तुम्ही बँकेच्या फॉर्मवर नुसतं स्वतःचं नाव आणि आडनाव टाकलंत, नगरपालिकेत पूर्ण नाव लागलं आणि नोकरीच्या करारात तिसरंच काही, की ओळख तपासणीत गाडी अडलीच. ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो क्षेत्रातल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव आणि आयबॅन (म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) जुळतात का, हे पाठवणाऱ्याला दाखवावं लागतं. तुमच्या ऑफिसातल्या बाईंना "नाव जुळत नाही" असं दिसलं की त्या पगार थांबवून तुम्हालाच फोन करणार.

माझी सवय अशी: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. आधी आडनाव, मग दोन खुणा, मग बाकीची नावं. तिथे जे आहे तेच, त्याच स्पेलिंगने, सगळीकडे. लग्नानंतर घरी नाव बदललं असेल, पण पासपोर्टवर माहेरचं असेल, तर फॉर्मवरही माहेरचंच. सासूबाईंना नंतर समजावता येईल.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

श्पेरकोंटो म्हणजे बँक खातं झालं, असा समज. व्हिसासाठी आपण जे बंद खातं भरतो (सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो) त्यातून दरमहा ९९२ युरो सुटतात, पण ते पडायला साधं चालू खातं, म्हणजे गिरोकोंटो, वेगळं लागतं. ते उघडेपर्यंत आपलेच पैसे आपल्याला लांबून बघावे लागतात.

पत्त्याची नोंदणी पुढे ढकलणं. याला इथे आनमेल्डुंग म्हणतात आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. नुसता भाडेकरार चालत नाही, घरमालकाची सही असलेला वेगळा कागद लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. म्हणता आलं नाही तरी चालेल, किल्लीबरोबर मागून घ्या. मोठ्या शहरांत नोंदणीची वेळ मिळायलाच आठवडे लागतात, तेव्हा घर ठरलं की भारतातूनच वेळ घेऊन ठेवा. नोंदणीनंतर अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. बँक तो मागते. आला नसेल तर "नंतर देतो" असं सांगा, त्या रकान्यात पॅन ठोकू नका.

व्हिडिओवर ओळख पटवणं. प्रत्येक बँकेला प्रत्येक देशाचा पासपोर्ट व्हिडिओवर चालत नाही. अर्ज भरायच्या आधी यादी बघा. मी तर पोस्टाचाच मार्ग सांगतो: बँकेचा कागद आणि पासपोर्ट घेऊन पोस्टात जा, बाई पासपोर्ट पाहतात, सही घेतात. हॉस्टेलच्या वायफायवर चेहरा डावीउजवीकडे हलवत बसण्यापेक्षा बरं. पण नव्या पिढीला रांगेत उभं राहणं म्हणजे शिक्षा वाटते.

एकाच दिवशी चार बँकांत अर्ज टाकणं. का? कुठून तरी नकार येणारच आणि मग मला फोन. एक बँक निवडा, थांबा.

"फुकट खातं" वाचून उडी मारणं. बऱ्याच ठिकाणी ते विद्यार्थ्याला ठराविक वयापर्यंत किंवा दरमहा ठराविक रक्कम जमा होत असेल तरच फुकट असतं. बारीक अक्षरं तिथेच असतात.

ओव्हरड्राफ्ट घेऊन ठेवणं. इथे त्याला डिस्पो म्हणतात. व्याज जबर असतं. पहिल्या वर्षी तर नकोच.

आता एका गोष्टीवर मी खरंच चिडतो. कुणी म्हणतं, "माझं खातं अजून उघडलं नाही, तुझ्या खात्यात पैसे मागवतो, शंभर युरो तुला." किंवा जाहिरात येते: घरबसल्या काम, फक्त आलेले पैसे पुढे पाठवा. याला मनी लाँडरिंग म्हणतात आणि "मला माहीत नव्हतं" हे दर वेळी पुरत नाही. निष्काळजीपणासाठीही इथे शिक्षा आहे. ओळखीच्या मुलाने विचारलं तरी नाही म्हणा. वाईटपणा आला तर येऊ दे.

बँकेने सरळ नकार दिला तर हताश होऊ नका. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळण्याचा हक्क आहे. जर्मनीत हा कायदा जून २०१६ पासून आहे. खात्याचं नाव बाझिसकोंटो, अर्ज त्याच नावाने मागा. बँकेला दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. मग बाफिन या वित्तीय नियामकाकडे तक्रार करता येते. हे शब्द काउंटरवर शांतपणे उच्चारले की समोरचा माणूस आत जाऊन कुणाला तरी विचारून येतो, असा माझा अनुभव.

खातं चालू झाल्यावरची एक. सुट्टीत भारतात गेल्यावर नवा फोन घेतात आणि जुना धाकट्या भावाला देऊन येतात. बँकेचं मंजुरीचं अ‍ॅप जुन्या फोनला बांधलेलं असतं. ते नव्या फोनवर हलवण्याआधी जुना पुसला, तर नवा कोड बऱ्याचदा पोस्टाने जर्मनीतल्या पत्त्यावर येतो, आणि तुम्ही असता भारतात. जुना फोन आठवडाभर स्वतःजवळ ठेवा, भाऊ थांबेल.