आडनाव बाजूला ठेवा, पोरगा पाहा: फुटीतली होतकरू मुलं जोखताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, म्हणजे इथल्या भाषेत फुटीचा, ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया, नोव्हेंबरात होतो. पण कोणता मुलगा कितव्या क्रमांकाला जाणार याची चर्चा हंगामाच्या सुरुवातीपासूनच रंगते. त्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते दोन प्रकारच्या मुलांबद्दल. एक, ज्यांचे वडील त्याच क्लबकडून खेळले आहेत अशी, म्हणजे ‘फादर-सन’ नियमातली मुलं. दुसरी, क्लबच्या अकॅडमीत घडलेली. अशा मुलांवर त्यांच्या क्लबचा पहिला हक्क असतो. दुसऱ्या क्लबने बोली लावली, तर तेवढ्या मोलाच्या पिक (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) देऊन मुलाचा क्लब त्याला घेऊ शकतो. नेमकी हीच मुलं जोखताना भल्याभल्यांचा अंदाज चुकतो. मेलबर्नच्या मराठी घरांतही आता फुटी रुजली आहे, पोरं ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटी वर्गांना, जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

खाण तशी माती, असं गृहीत धरणं

पीटर डायकॉस कॉलिंगवूडकडून 250 सामने खेळले, 549 गोल केले. त्यांचा थोरला मुलगा जॉश 2016 च्या ड्राफ्टमध्ये 57 व्या क्रमांकाला गेला, धाकटा निक 2021 मध्ये चौथ्या. बाप एक, घर एक, क्लबही एक. तरी अठराव्या वर्षी दोघांबद्दलचा अंदाज इतका वेगळा होता. पुढे जॉशने 2023 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, जागा मिळवली आणि त्याच वर्षी दोघे भाऊ विजेतेपदाच्या संघात होते. आडनावाने यातलं काय सांगितलं असतं? काहीच नाही.

बाप ज्या जागी खेळायचा त्याच जागेसाठी मुलाला मापणं तर जास्तच घातक. थोरला गॅरी ॲब्लेट गोल करणारा फॉरवर्ड. धाकटा गॅरी 2001 मध्ये 40 व्या क्रमांकाला जिलाँगकडे आला आणि सुरुवातीची काही वर्षं तोही पुढेच खेळला. मिडफिल्डला गेल्यावर त्याचा खरा खेळ दिसला, 2009 आणि 2013 अशी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूची दोन ब्राउनलो पदकं आली. त्याचा भाऊ नेथन 2007 च्या विजेत्या संघात होता, पण त्यानंतर लगेच, ऐन विशीत, त्याने जिलाँग सोडलं. मुलाला खेळायचंच आहे का, हा प्रश्न फादर-सन मुलांच्या बाबतीत फार कमी विचारला जातो. माझ्या मते तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

आणखी एक. आपल्याला यशस्वी मुलंच आठवतात. क्लबच्या यादीत दोन वर्षं राहून गुपचूप बाहेर पडलेल्या खेळाडूपुत्रांची नावं कोणाच्या तोंडी नसतात, म्हणून हा नियम म्हणजे हमखास यश असं वाटू लागतं.

पिकचा क्रमांक म्हणजे गुणपत्रिका समजणं

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि ती समजून घ्यायची तर नियमांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. 2006 मध्ये टॉम हॉकिन्स जिलाँगला 41 व्या क्रमांकाला मिळाला. तो 41 व्या दर्जाचा खेळाडू होता का? मुळीच नाही. तेव्हाच्या नियमाने फादर-सन मुलाला तिसऱ्या फेरीतली पिक देऊन घेता यायचं, एवढंच. यावरून ओरड झाली आणि 2007 पासून बोलीची पद्धत आली. तरी 2014 मध्ये न्यूकॅसलकडचा, अकॅडमीतला आयझॅक हीनी सिडनीला 18 व्या पिकवर मिळालाच. त्याचा दर्जा तेव्हा पहिल्या चार-पाचांतला मानला जात होता. मग 2015 मध्ये प्रत्येक पिकचं मोल गुणांत ठरवणारा तक्ता आला.

त्या तक्त्यात पहिल्या पिकला 3000 गुण होते, चौथ्याला 2034. पहिल्या फेरीतल्या बोलीवर 20 टक्के सूट. म्हणजे चौथ्या क्रमांकाच्या बोलीला उत्तर द्यायला साधारण 1627 गुण पुरायचे. आता 38, 40, 42 आणि 44 या चार पिकची बेरीज करा: 465, 429, 395, 362, एकूण 1651. चार मधल्या-तळाच्या पिक देऊन चौथ्या क्रमांकाचा खेळाडू! अशा सौद्यांमुळेच 2025 पासून सूट 10 टक्क्यांवर आणली आणि तक्ताही बदलला. जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करताना हे विसरलात, तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

बोली वाचायची कशी? बोली लावणाऱ्या क्लबला धोका असतो: समोरच्याने उत्तर दिलं नाही तर तो मुलगा आपल्या गळ्यात. त्यामुळे लागलेली बोली बऱ्यापैकी प्रामाणिक असते. न लागलेल्या बोलीचं तसं नाही. ‘ते घेणारच आहेत, मग कशाला’ म्हणून कोणी हात वर करत नाही आणि मुलगा खाली सरकतो. एरल गुल्डेन 2020 मध्ये 32 व्या क्रमांकाला सिडनीत आला आणि 2023 मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. ब्रिस्बेनच्या अकॅडमीतला हॅरिस अँड्र्यूज 2014 मध्ये 61 वा होता. पुढे तोच संघाचा सहकर्णधार म्हणून विजेतेपदाचा कप उचलत होता.

शिवाय प्रत्येक जुळलेल्या बोलीमागे बाकीच्यांचे क्रमांक मागे ढकलले जातात. 2023 मध्ये गोल्ड कोस्टने आपल्या अकॅडमीतले चौघं पहिल्याच फेरीत घेतले आणि त्यातला विल ग्रॅहम 26 वा होता. क्लब 18, तरी 26 वी पिक पहिल्या फेरीत. तेव्हा ‘26 वा म्हणजे दुसऱ्या फेरीतला’ असं लिहिणाऱ्याने ड्राफ्ट नीट पाहिलेलाच नसतो.

वाढलेल्या अंगालाच गुण समजणं

ड्राफ्टसाठी मुलाने त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत 18 पूर्ण केलेली असावीत. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, मध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर. सतराव्या वर्षी ते अंतर खांद्यांत आणि मांड्यांत दिसतं. लवकर थोराड झालेला मुलगा बरोबरीच्यांना ढकलून चेंडू काढतो. पुढे सगळेच तेवढे झाले की त्याची ती मिरास संपते. जन्मतारीख पाहिल्याशिवाय मत बनवू नका. उंच मुलांना तर आणखी सबुरी लागते. सॅम डार्सी 2021 मध्ये दुसरा गेला, उंची 208 सेंटिमीटर. अशा मुलाचा तोल आणि ताकद जमायला वर्षं जातात.

अकॅडमीच्या मुलाला मेलबर्नच्या मापाने मोजणं

सिडनी, ब्रिस्बेन, गोल्ड कोस्ट हा मुळात रग्बी लीगचा मुलूख. तिथली मुलं कधी उशिरा फुटीकडे वळतात, तगडे सामने त्यांच्या वाट्याला कमी येतात. त्यांचे आकडे व्हिक्टोरियातल्या मुलांशेजारी ठेवून ‘कमी पडतो’ म्हणणं अन्याय आहे. मार्चमधला खेळ आणि ऑगस्टमधला खेळ शेजारी ठेवा. किती शिकला ते पाहा. उलट बाजूही आहे. कोवळ्या वयापासून क्लबच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली असलेल्या मुलाचा खेळ आधीच घोटीव दिसतो. तो घोटीवपणा खराच असतो, पण आणखी किती वाढ शिल्लक आहे याचं उत्तर त्यात नसतं.

चेंडूच्या मागे डोळे फिरवणं

दोन मिनिटांचे निवडक क्षण पाहून मत देऊ नका. मैदानावर जा आणि एक पूर्ण क्वार्टर फक्त त्या एका मुलाकडे पाहा, चेंडू कुठेही असो. बॉल-अपच्या (पंच चेंडू वर उडवून खेळ सुरू करतो त्याच्या) आधी तो कुठे उभा राहतो? रक, म्हणजे त्या चेंडूसाठी झेपावणारा उंच खेळाडू, उडी मारायच्या आधीच त्याचं पहिलं पाऊल पडतं, की चेंडू पडल्यावर? जमिनीवरचा चेंडू एका झटक्यात हातात येतो, की दोनदा चाचपडतो? टॅकल झाल्यावर हात मोकळे ठेवतो का, म्हणजे हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास) निघतो का? उजव्या पायाच्या मुलाला डावीकडे रेटलं की तो डाव्या पायाने किक मारतो, की उलटा फिरून वेळ घालवतो? आणि चेंडू गमावल्यानंतरची पाच पावलं. तिथे तो धावतो की कमरेवर हात ठेवतो, हे मला तीस डिस्पोझलच्या (किक आणि हँडबॉल मिळून) आकड्यापेक्षा मोलाचं वाटतं. 20 मीटरची धाव आणि 2 किलोमीटरची शर्यत यांच्या वेळा जरूर पाहा, पण यानंतर.

कागद न तपासणं

फादर-सनसाठी वडिलांनी त्याच क्लबकडून किमान 100 सामने खेळलेले असावे लागतात. आजोबा चालत नाहीत, दोन क्लबांची बेरीज चालत नाही. एसेंडनच्या ॲल्विन डेव्हींचे बरोबर 100 भरले, म्हणून 2022 मध्ये त्यांची जुळी मुलं त्याच क्लबमध्ये येऊ शकली. वडील दोन्हीकडे शंभरी गाठलेले असतील, तर मुलगा निवडतो: जो डॅनिहरपुढे सिडनी आणि एसेंडन दोन्ही होते, त्याने एसेंडन घेतलं. नकारही देता येतो. मार्क मर्फीला वडिलांच्या फिट्झरॉयमुळे (हा क्लब पुढे ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला) ब्रिस्बेनचा रस्ता मोकळा होता; तो खुल्या ड्राफ्टमध्ये गेला आणि 2005 मध्ये कार्लटनने त्याला पहिल्या क्रमांकाला घेतलं.

मूलनिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांसाठीच्या नेक्स्ट जनरेशन अकॅडमीचे नियम तर सतत हलते आहेत. 2020 मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जना जमारा उगल-हेगन पहिल्याच क्रमांकाला मिळाला, त्यावर निर्बंध आले, आणि पुढच्याच वर्षी मेलबर्नच्या अकॅडमीतला मॅक अँड्र्यू पाचव्या क्रमांकाला गोल्ड कोस्टने नेला. मेलबर्नला बोलीला उत्तरच देता येईना. 2024 पर्यंत नियम सैल झाले, तेव्हा इराकी कुटुंबातला आयझॅक काको 13 व्या क्रमांकाला एसेंडनने राखला. ही अकॅडमी ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी मुलांसोबत आशिया-आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठीही आहे, तेव्हा आपल्या घरांतल्या मुलांनाही हा दरवाजा लागू होऊ शकतो. आपलं घर कोणत्या क्लबच्या हद्दीत येतं आणि यंदाच्या अटी काय आहेत, हे त्या क्लबच्या अकॅडमीलाच विचारा, आणि मुलगा अठराचा व्हायची वाट न पाहता विचारा.